वंगणाची पारख

जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. त्याच्या पश्चिमेस डहाणू-पालघरची सखल किनारपट्टी, पूर्वेस मोखाड्याचे डोंगर आणि त्यांपलीकडे त्र्यंबकेश्वराची वाट. १९४८ पर्यंत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. पुढें तें ठाणें जिल्ह्यांत आलें, आणि २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्या नव्या जिल्ह्यांत गेले. साखरशेतासारखीं येथील गांवें भात, नागली, वरई आणि खुरासणी यांवर जगत आलेलीं. मोटार या डोंगरांत येण्यापूर्वीं ओझें डोक्यावरून किंवा कावडीनें जाई, आणि जेथें चाकाला वाट होती तेथें बैलगाडीनें. गाडीचें चाक ज्या ठिकाणीं आंसावर फिरतें त्या वीतभर जागेंत काय घालावें, हा प्रश्न त्या गाडीवानापुढें होता. तोच आज मोटारवाल्यापुढें आहे. त्याचें उत्तर माणसानें वेळोवेळीं कसें शोधलें, आणि किती वेळां भलतेंच शोधलें, याचा इतिहास वाटतो तितका रुक्ष नाहीं.

गाडीच्या चाकाच्या मध्यभागीं लांकडाचा तुंबा असतो. त्यांत आरे रोवलेले असतात आणि तुंब्याच्या पोकळींतून आंस जातो. गाडींतलें सारें ओझें या आंसावर टेकतें. कोरडा आंस तुंब्यांत फिरूं लागला कीं प्रथम करकर ऐकूं येते, मग तुंबा तापतो, आणि आंस लांकडी असला तर जळक्याचा वास सुटतो. म्हणून जुन्या गाडीखालीं बांबूचें एक नळकांडें टांगलेलें असे व त्यांत वंगण भरलेलें असे. वंगण म्हणजे नुसतें तेल नव्हे. तेलांत जळक्या चिंध्यांची किंवा गवताची राख खलून केलेलें तें काळें, दाट मिश्रण. राखेमुळें तेलाला अंग येतें आणि तें आंसावरून ओघळून रस्त्यावर सांडत नाहीं.

परंतु तेल कोणतें घ्यावें? या मुलुखांत तेलांची वाण नव्हती. खुरासणी शेतांतच पिके आणि तिचें तेल जेवणांत असे. मोहाच्या बियांचें तेल होतें. करंजाचें तेल दिव्याला आणि खरजेला लावीत. एरंड परसांत किंवा बांधावर उगवे. चारही तेलें बोटाला सारखींच बुळबुळीत लागतात, आणि नवख्याला वाटेल कीं यांतलें हाताशीं येईल तें ओतावें. पण तीं चारही निरनिराळ्या स्वभावाचीं आहेत. खुरासणीचें तेल पातळ; शिवाय हवा लागली कीं तें हळूहळू सुकून चिकट होतें. जवसाचें तेल रंगांत घालतात तें ज्या गुणामुळें, तोच गुण थोड्या प्रमाणांत खुरासणींतही आहे. रंगाला जो गुण, तोच आंसाला अवगुण. मोहाचें तेल थंडींत तुपासारखें थिजतें. करंजाचें तेल सुकत नाहीं, थिजण्याचीही त्याची फारशी तक्रार नाहीं, पण ओझ्याखालीं टिकण्याइतकें तें दाट नाहीं. राहतां राहिलें एरंडेल. तें सुकत नाहीं, पौष-माघाच्या पहांटेसही वाहतें राहतें, आणि दाट तर इतकें कीं ४० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर शेंगदाण्याच्या तेलाच्या तुलनेनें त्याचा दाटपणा सुमारें सहापट भरतो.

या दाटपणाचें कारण रसायनशास्त्रानें पुढें सांगितलें. एरंडेलाचा फार मोठा भाग रिसिनोलेइक नांवाच्या एका आम्लापासून झालेला असतो, आणि त्या आम्लाच्या सांखळींत मध्येंच प्राणवायु व हायड्रोजन यांची एक जोडी चिकटलेली असते. इतर खाद्य तेलांत ती नसते. या जोडीमुळें एरंडेलाचे कण एकमेकांना धरून राहतात, धातूलाही बिलगतात, आणि पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहींत. गाडीवानाला यांतलें कांहींच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तो बैलांच्या मानेकडे पाही आणि चाकाचा आवाज ऐके. अर्थात् प्रत्येक गाडींत एरंडेलच असे असें समजूं नये. गरिबाच्या गाडीला जें मिळेल तें वंगण मिळे, आणि तिच्या येण्याची वर्दी अर्ध्या कोसावरून लागे. मराठींत ‘वंगण घालणें’ याला जो दुसरा अर्थ चिकटला आहे तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांनीं दिला. तेथेंही योग्य जागा कोणती आणि द्रव्य किती दाट असावें याची पारख लागतेच, पण तो निराळा इतिहास आहे.

तेल घातल्यानें चाक हलकें फिरतें एवढें ज्ञान फार जुनें आहे. तें हलकें कां फिरतें हें मात्र माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उमगलें नव्हतें. इजिप्तमध्यें इ. स. पूर्वीं सुमारें १९०० च्या एका थडग्यांत एक चित्र होतें: जेहुतिहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याचा प्रचंड पुतळा लांकडी घसरगाड्यावर ठेवून माणसांच्या रांगा ओढीत आहेत आणि घसरगाड्याच्या तोंडाशीं उभा असलेला एक जण जमिनीवर कांहीं ओतीत आहे. हें जगांतल्या पहिल्या वंगणवाल्याचें चित्र म्हणून पुष्कळ दिवस प्रसिद्ध होतें आणि तो तेल ओततो असें कित्येकांनीं धरून चाललें. २०१४ सालीं ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनीं वाळूवर प्रयोग करून दाखविलें कीं, बेतानें भिजविलेल्या वाळूवरून घसरगाडा ओढण्यास कोरड्या वाळूच्या मानानें निम्मेंच बळ पुरतें. तेव्हां त्या माणसाच्या हातांत पाणी असावें असें मानणें सयुक्तिक आहे. वाळूंत तेल ओतलें असतें तर तेल गेलें असतें आणि पुतळाही अडला असता.

खरा उलगडा १८८३ च्या सुमारास लंडनमध्यें झाला. यंत्रज्ञांच्या संस्थेनें बोशँप टॉवर नांवाच्या अभियंत्यास रेल्वेच्या आंसांचें घर्षण मोजण्याचें काम दिलें होतें. आंस खालून तेलांत बुडालेला फिरत असे आणि त्याच्या माथ्यावर पितळेचा अर्धगोल ओझ्यासह टेकलेला असे. वरून तेल सोडून पाहावें म्हणून टॉवरनें त्या पितळेच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. यंत्र सुरू केलें तों भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं बाहेर उसळूं लागलें. त्यानें बुचाचा तुकडा ठोकला, तो उडाला. मग लांकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. शेवटीं त्यानें तेथें दाबमापक बसविला, तेव्हां कांटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पुढें गेला. वरच्या ओझ्याचा सरासरी भार होता १०० पौंडच. म्हणजे आंस फिरतांना स्वतःच तेल ओढून पाचरीसारखें खालीं घालीत होता आणि सारें ओझें त्या तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत होतें. धातु धातूला शिवतच नव्हता. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं याचें गणित मांडलें. तेल पातळ असेल तर पडदा फाटतो आणि धातु घासतात. फाजील दाट असेल तर तेल ढवळण्यांतच शक्ति खर्च होते व उष्णता वाढते. किती दाटपणा योग्य हें ओझें, वेग आणि उष्णता या तिघांवर ठरतें. सावकाश चालणाऱ्या जड गाडीला एरंडेल आणि भरभर फिरणाऱ्या चातीला पातळ तेल, हें जुन्या कारागिरांचें तारतम्य या गणितांत चपखल बसतें.

टॉवरच्या प्रयोगाआधींच आगगाडी सह्याद्रि चढून गेली होती. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें रेल्वे सुरू झाली. १ जानेवारी १८६५ रोजीं कसाऱ्याहून इगतपुरीस जाणारा थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाला. मोखाड्याच्या दक्षिणेकडील या डोंगरांत ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. इंग्लंडांत त्या काळीं डब्यांच्या आंसपेट्यांत जनावराची चरबी, ताडाचें तेल, सोडा आणि पाणी यांचें पिवळें मलम भरीत, आणि उन्हाळ्याचें व हिंवाळ्याचें मलम निरनिराळ्या प्रमाणांत करीत. तेथल्या हवेला बेतलेलें मलम हिंदुस्थानच्या वैशाखांत वितळून वाहूं लागावें हें ओघानेंच आलें. येथील रेल्वेंनीं एरंडेलाचा पुष्कळ वापर केला तो त्यामुळें. गाडीवानाच्या नळकांड्यांतलें तेल आगगाडीच्या आंसाला लागलें.

चरबीची गोष्ट निघालीच आहे तर एक विषयांतर क्षम्य ठरावें. १८५७ सालीं एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेलें वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचें असल्याचा बोभाटा झाला, आणि जानेवारीअखेर सरकारनें शिपायांना स्वतःच्या पसंतीचें वंगण लावण्याची मोकळीक दिली. तेल आणि मेण यांनींही तें काम होण्यासारखें होतें. परंतु तोंवर विश्वास उडाला होता. १० मे रोजीं मीरत पेटलें. त्या उठावाचीं कारणें पुष्कळ व खोल होतीं, तथापि वंगण निवडणाऱ्यानें तें कोणाच्या हातांत आणि दांतांत जाणार याचा विचार केला नव्हता, हेंही त्यांतलें एक होतें.

१८५९ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतीं ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलें. लोकांना त्यांतून प्रथम हवें होतें तें दिव्याचें रॉकेल. तळाशीं उरणारा जड भाग वंगणाच्या कामीं येतो हें हळूहळू ध्यानांत आलें. वाफेच्या यंत्रांत वनस्पतींचीं व जनावरांचीं तेलें घातलीं म्हणजे उष्णतेनें तीं फुटतात, त्यांतून आम्लें सुटतात आणि आम्लें धातु खातात. खनिज तेलाला हा दोष नव्हता. १८६६ सालीं निघालेल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीसारख्यांनीं तें यंत्रशाळांत रुजविलें, आणि याच कंपनीनें पुढें मोटारींसाठीं काढलेल्या ‘मोबिल ऑइल’चें नांव आपल्याकडे इतकें पसरलें कीं कोणाच्याही तेलाला ड्रायव्हर मंडळी ‘मोबिल’ म्हणूं लागलीं. मुंबईंत मोटार आली १८९८ सालीं. आरंभींच्या मोटारींत तेल थेंबथेंब गळून यंत्रांत जाई, थोडें जळे आणि उरलेलें रस्त्यावर पडे. तें पुन्हां फिरवून वापरण्याची सोय मागाहून आली.

येथें एरंडेलाची कथा संपली असें वाटावें तोंच विमान आलें. पॅरिसच्या सेगँ बंधूंनीं बनविलेलें नोम नांवाचें इंजिन १९०९ सालापासून गाजूं लागलें. या इंजिनांत पंख्याबरोबर सबंध इंजिनच गरगर फिरे, आणि पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटांतून, म्हणजे जेथें वंगण असतें त्याच जागेंतून, सिलिंडरांत जाई. खनिज तेल पेट्रोलांत विरघळतें. म्हणून तें धुवून निघे आणि इंजिन कोरडें पडून अडके. एरंडेल विरघळत नाहीं. झालें, जगांतलीं सर्वांत आधुनिक यंत्रें बैलगाडीच्या तेलावर उडूं लागलीं. वापरलेलें तेल बाहेर फेंकलें जाई आणि वैमानिकाच्या चष्म्यावर, तोंडावर व नाकातोंडांतून पोटांत जाई. त्याचा परिणाम काय होई हें कोणत्याही मराठी घरांतल्या आजीला सांगावयास नको. पहिल्या महायुद्धांत एरंडेल हा युद्धसाहित्याचा भाग झाला. अमेरिकेनें आशियांतून लाखाहून अधिक एकरांना पुरेल एवढें एरंडाचें बीं आणवून आपल्या मुलुखांत पेरविलें. इंग्लंडांत वेकफील्ड यांनीं १९०९ सालीं एरंडेलमिश्रित तेल ‘कॅस्ट्रॉल’ या नांवानें विकावयास काढलें; एरंडेलाच्या इंग्रजी नांवाचा पूर्वार्ध त्यांत उघड दिसतो. पण अतितप्त धातूवर एरंडेलाचा डिंकासारखा थर बसतो आणि इंजिन वारंवार उघडून खरवडावें लागतें. फिरतीं इंजिनें मागें पडलीं तसें एरंडेलही इंजिनांतून गेलें.

मोटारी वाढल्या आणि तेलें इतक्या नांवांचीं निघालीं कीं खरेदीदार गोंधळला. १९०५ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ पासून तेलांना क्रमांक देण्याची पद्धत पाडली. डब्यावरील ‘एस्. ए. ई.’ हीं अक्षरें त्या संस्थेचीं. या क्रमांकाविषयीं सुशिक्षित घरांतही एक गैरसमज टिकून आहे. ४० क्रमांकाचें तेल ३० पेक्षां ‘भारी’ असतें असें नव्हे. तें फक्त अधिक दाट असतें. पुढें थंडीसाठीं ‘डब्ल्यू’ अक्षराचे क्रमांक आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच तेलांत दोन्ही गुण साधणारीं तेलें निघालीं. ‘२० डब्ल्यू ५०’ याचा अर्थ असा कीं, तेल थंडींत २० डब्ल्यूच्या मर्यादेबाहेर घट्ट होत नाहीं आणि तापल्यावर ५० क्रमांकाहून पातळ होत नाहीं. ‘जाड तेल तें चांगलें तेल’ ही म्हण झालेली समजूत झिजलेल्या जुन्या इंजिनांच्या काळांतली आहे; तेथें जाड तेल आवाज दडपीत असे. आजच्या इंजिनांत धातु-धातूंमधील फट इतकी बारीक असते कीं फाजील दाट तेल पहांटे वेळेवर पोंचतच नाहीं, आणि इंजिनाची बरीच झीज सुरू करतांनाच्या त्या पहिल्या क्षणांत होते. गिअरपेटीच्या तेलाला क्रमांकांची मापपट्टीच निराळी आहे. तेथला ९० क्रमांक इंजिनच्या ४०-५० इतकाच दाट असतो. आंकडा दुप्पट पाहून त्याला दुप्पट जाड समजणारे पुष्कळ आहेत.

दुसरा गैरसमज रंगाचा. १९३५ च्या सुमारास कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत दट्ट्याच्या कड्या काजळीनें जागींच चिकटून बसूं लागल्या. तेल चांगलें होतें, इंजिनही चांगलें होतें. एकमेकांना अनुरूप नव्हतीं एवढेंच. त्यावर तेलांत साबणाच्या जातीचें द्रव्य मिसळण्याचा उपाय निघाला. तें काजळी धुवून स्वतःत तरंगत ठेवतें. १९४७ सालीं अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनें साधें, उंची आणि भारी कामाचें असे तेलांचे तीन वर्ग केले. आज डब्यावर दिसणारे अक्षरांचे वर्ग त्यांच्याच पुढच्या पिढ्या होत. तेव्हांपासून डिझेल गाडीचें तेल लौकर काळें होणें हें तें काम करीत असल्याचें लक्षण आहे. जें तेल दीर्घकाळ पिवळेंधमक राहतें तें कदाचित् काजळी जागच्या जागीं सोडून देत असेल.

मोटरसायकलचा प्रकार आणखी वेगळा. तिच्या बहुतेक जातींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलांत न्हातात. मोटारीसाठीं केलेलीं कांहीं नवीं तेलें मुद्दाम अधिक निसरडीं केलेलीं असतात. मोटारीच्या इंजिनाला तो लाभ. मोटरसायकलचा क्लच मात्र त्यामुळें घसरूं लागतो, आणि चढावर इंजिन ओरडतें पण गाडी सरकत नाहीं. म्हणून जपानी कारखानदारांनीं १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलच्या तेलांना ‘जासो एम् ए’ अशी निराळी खूण दिली. महाग तेल घालून गाडी बिघडली म्हणून दुकानदाराशीं भांडणाऱ्यानें आधीं ही खूण डब्यावर पाहावी.

आतांपर्यंतच्या चुकांत धातु झिजला, पैसा गेला. ब्रेकच्या तेलांत चूक झाली तर माणसें जातात. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी धांवली आणि पुढें ती जव्हार-मोखाड्यापर्यंत आली. आज मोठ्या बसगाड्यांचे व ट्रकांचे ब्रेक हवेच्या दाबानें चालतात. परंतु या तालुक्यांत गांवोगांवचीं माणसें बाजाराला, दवाखान्याला आणि शाळेला नेणारी जी काळी-पिवळी जीप, तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर आहेत. आणि मोखाड्याहून त्र्यंबककडे जातां-येतां तोरंगण घाट लागतो.

तेलाच्या दाबानें ब्रेक लावण्याची युक्ति अमेरिकन माल्कम लॉकहीड याची. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडींत ती प्रथम बाजारांत आली. पायानें दट्ट्या दाबावा, नळींतल्या द्रवानें तो दाब जसाच्या तसा चारी चाकांना पोंचवावा, हें तत्त्व सोपें. अडचण द्रवाची होती. नळींच्या टोकांशीं रबराच्या वाट्या असतात, आणि खनिज तेल लागलें कीं रबर फुगतें. फुगलेली वाटी जागींच अडकते किंवा मऊ पडून गळूं लागते. येथें पुन्हां एकदां एरंडेल धांवून आलें. त्याचा रबराशीं सलोखा आहे. तें नळींतून वाहावें एवढें पातळ करण्यासाठीं त्यांत मद्यार्क मिसळीत, आणि एरंडेल-मद्यार्काचें हें मिश्रण कित्येक दशकें मोटारींना थांबवीत राहिलें.

त्या मिश्रणाचा अंत त्यांतल्या मद्यार्कानें केला. ब्रेक लावणें म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणें. गाड्या जड व वेगवान् झाल्या, उष्णता वाढली आणि मद्यार्क उकळूं लागला. द्रव दाबला तर दाब पुढें जातो; वाफ दाबली तर ती नुसती आकुंचन पावते. ड्रायव्हर पाय दाबतो आणि पट्टा विनातक्रार तळाला टेकतो. म्हणून ग्लायकोल जातीचे कृत्रिम द्रव आले. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें ठरविलेल्या ‘डॉट’ मानकाप्रमाणें ‘डॉट ३’ द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश आणि ‘डॉट ४’चा निदान २३० अंश सेंटिग्रेड असावा लागतो. पण हे आंकडे नव्या, सीलबंद डब्यांतल्या द्रवाचे. हा द्रव हवेंतलें पाणी पितो. पाणी शेंकडा चाराच्या जवळपास गेलें कीं त्याच डॉट ३ कडून १४० अंशांची आणि डॉट ४ कडून १५५ अंशांचीच हमी उरते. कोंकणच्या पट्टींतला आणि जव्हारसारख्या पठारावरचा चार महिन्यांचा पाऊस लक्षांत घेतला म्हणजे साधारणपणें दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा असें कारखानदार कां सांगतात तें कळतें. द्रव दिसण्यांत बिघडलेला नसतो. ब्रेक सपाटीवर उत्तम लागतात. पाणी पोटांत धरून तो घाटाच्या उताराची वाट पाहत असतो.

कुपी उघडी ठेवून उरलेला द्रव पुढच्या वर्षीं घालणें, पातळी कमी दिसली म्हणून इंजिनचें तेल ओतणें, या चुका काटकसरीच्या पोटीं होतात. इंजिनचें तेल ओतल्यावर पहिल्या दिवशीं कांहींच घडत नाहीं, हें त्यांतलें सर्वांत वाईट. चार-आठ दिवसांनीं रबर फुगतें. मग द्रव बदलून भागत नाहीं, सगळ्या वाट्या बदलाव्या लागतात. आंकड्यांचा घोटाळा येथेंही आहे: ‘डॉट ५’ हा सिलिकोनचा द्रव, तो ग्लायकोलांत मिसळूं नये; ‘डॉट ५.१’ मात्र ग्लायकोलच्याच कुळांतला. एका टिंबानें जात बदलते. रेडिएटरच्या पाण्याचीही थोडी अशीच कथा आहे. पूर्वीं घाटांत थांबून ओढ्याचें पाणी भरीत, आणि त्यांतले क्षार आंत थर धरीत. आतां ग्लायकोलमिश्रित द्रव घालतात, पण त्याचा हिरवा, तांबडा किंवा निळा रंग ही कोणतीही ठराविक खूण नव्हे, आणि रंग जुळला म्हणून मिसळ करणें सुरक्षित ठरत नाहीं.

बांबूचें नळकांडें आतां गाड्यांखालीं दिसेनासें झालें आहे. उरल्या बैलगाड्यांपैकींही पुष्कळांना रबरी टायर आणि बेअरिंगें आलीं. त्या बेअरिंगांत, आणि तोरंगण घाट उतरणाऱ्या जिपेच्या चाकांतही, जें ग्रीज भरतात तें बहुधा लिथियमचें असतें. लिथियम ग्रीजचें पेटंट अमेरिकेंत क्लॅरेन्स अर्ल यांनीं १९४२ च्या सुमारास घेतलें. तें पाण्यानें धुपत नाहीं आणि उष्णतेनें वितळत नाहीं, म्हणून जगांत सर्वाधिक खपणारें ग्रीज झालें. राखेनें जसें गाडीवानाच्या तेलाला अंग येई, तसें या ग्रीजांतल्या तेलाला अंग येतें तें लिथियमच्या एका साबणानें. तो साबण ज्या आम्लापासून करतात तें आम्ल एरंडेलावर हायड्रोजनची क्रिया करून काढतात, आणि जगांतली बहुतेक एरंडी आज भारतांत, त्यांतही गुजरातेंत, पिकते.